भिंतीवरचा ‘ड’

अॅबरिस्टविथहून अॅबरायरॉनकडे जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचे उत्तर एका शब्दात देऊन टाकले. ते उत्तर चुकीचे होते. मुद्दाम खोटे बोलले असते तर मनाने निदान तशी नोंद तरी केली असती. पण मी ते अगदी सहज, खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघत, कुणी किती वाजले विचारावे आणि आपण सांगावे तसे सांगितले. बस दोन थांबे पुढे गेली आणि माझे मलाच अंगावर पाल पडल्यासारखे झाले. तोवर त्या बाई काठी सावरत उतरून गेल्या होत्या.

माझी मुलगी वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, केरेडिगियॉन काउंटीतल्या अॅबरिस्टविथच्या विद्यापीठात संशोधन करते. २०२४च्या मे महिन्यात मी पाच आठवडे तिच्याकडे राहायला गेले होते. ती सकाळी प्रयोगशाळेत जाई आणि मी डब्यात पोळीभाजी भरून, तिने करून दिलेला बसचा पास गळ्यात अडकवून हिंडायला निघे. आयुष्यातली तीस वर्षे मी मुंबईतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले आहे. त्यामुळे कोणत्याही नव्या गावी गेले की डोंगर, समुद्र, घरे यांच्याआधी माझी नजर अक्षरांवर जाते. दुकानांच्या पाट्या, बाकांवर ठोकलेली पितळी पत्रे, पुतळ्यांच्या चौथऱ्यांवरचा मजकूर हे सगळे मी आधी वाचते, आणि वाचता वाचता हातात नसलेले पेन्सिलीचे टोक मनातल्या मनात फिरू लागते. या काउंटीत तर प्रत्येक सरकारी पाटीवर दोन भाषा, वर वेल्श आणि खाली इंग्रजी. एकीतले अक्षरही कळत नव्हते, म्हणून तीच मी जास्त बारकाईने बघत असे.

ल्लानरिस्टिड नावाचे गाव जवळ येऊ लागले की ए ४८७ या रस्त्याच्या कडेला एका पडक्या घराची दगडी भिंत लागते. घर असे काही उरलेलेच नाही. तांबडा रंग फासलेली एक भिंत, आणि तिच्यावर दोन ओळींत मोठ्या पांढऱ्या अक्षरांत दोन शब्द: ‘कोव्यूख ड्रवेरिन’. ट्रवेरिनची आठवण ठेवा. ही भिंत मला आधीपासून माहीत होती, कारण अॅबरिस्टविथच्या दुकानांत ती चहाच्या मगांवर, सदऱ्यांवर, मोटारीच्या काचेला चिकटवायच्या कागदांवर सगळीकडे होती. पण मुलीच्या घरी एका पुस्तकात मी तिचे जुने छायाचित्रही पाहिले होते आणि त्यात दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर वेगळे होते. तिथे ‘ट’ होता, इथे ‘ड’. बस वळणावर मंद झाली तेव्हा मी शेजारच्या बाईंना, जरा तोऱ्यातच, म्हटले की रंग नव्याने देताना कुणीतरी चूक केलेली दिसते.

बाई हसल्या. “उलट आहे. चूक पहिल्या वेळी झाली होती, आता दुरुस्त केली आहे.”

मग त्यांनी मला जे समजावले ते तीस वर्षे व्याकरणावर पोट भरलेल्या माणसाला खाऊ मिळाल्यासारखे होते. आपण मराठीत नामाला प्रत्यय लावायचा झाला की शब्दाची शेपटी बदलतो. पुणे असेल तर पुण्याला, सातारा असेल तर साताऱ्याला. वेल्शमध्ये शेपटी तशीच राहते आणि तोंड बदलते. देशाचे नाव कम्री, पण त्या देशात तुमचे स्वागत करणारी पाटी म्हणते ‘क्रोएसो इ गम्री’. नदीचे नाव ट्रवेरिन, पण आज्ञार्थी क्रियापदाचे कर्म झाली की तिची ड्रवेरिन होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माइक स्टीफन्स नावाच्या तरुणाने ही भिंत रंगवली तेव्हा ‘ट’ तसाच राहून गेला. तो इंग्रजी बोलणाऱ्या घरात वाढला होता आणि वेल्श मोठेपणी शिकला होता. पुढे याच माणसाने वेल्सच्या साहित्याचा भलाथोरला कोश संपादित केला, हे मला नंतर कळले आणि विलक्षण बरे वाटले. कोशकाराच्या नावावर सर्वांत जास्त वाचला गेलेला मजकूर दोन शब्दांचा आणि त्यातही एक चूक! बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ‘कोव्यूख’ हे अनेकांना किंवा मानाने एकाला उद्देशून म्हणायचे रूप आहे. जवळच्या माणसाला म्हणायचे तर ‘कोव्या’. म्हणजे ‘ठेव’ नव्हे, ‘ठेवा’. इंग्रजीत हा भेद नाही, म्हणून इंग्रजीतून अर्थ सांगताना तो गळून पडतो. मला मात्र तो बस पुढचे वळण घेण्याआधी कळला.

“तुमच्याकडेही अशी आठवण ठेवावी असं काही आहे का?” त्यांनी विचारले.

“नाही,” मी म्हटले.

ट्रवेरिनची गोष्ट केरेडिगियॉनची नाही. ती नदी उत्तरेला, बाला गावाजवळ आहे. तिच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचे खेडे होते. काही घरे आणि शेतवाड्या, एक शाळा, एक टपाल कचेरी, एक प्रार्थनामंदिर आणि त्याला लागून दफनभूमी. संपूर्ण वेल्श बोलणाऱ्या गावांपैकी ते एक होते. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. वेल्सच्या जवळजवळ सर्व खासदारांचा विरोध असताना १९५७ साली लंडनच्या संसदेने कायदा केला आणि १९६५ साली धरणाचे रीतसर उद्घाटन झाले. खोऱ्यात राहणाऱ्या ६७ माणसांपैकी ४८ जणांची घरे गेली. काही मृतांना उकरून दुसरीकडे नेण्यात आले, बाकीचे आहेत तिथेच पाण्याखाली राहिले. लिव्हरपूलने २००५ साली माफी मागितली. आज त्याच नदीवर धरणातून सोडलेल्या पाण्यावर हवा भरलेल्या रबरी नावांतून उड्या मारत जाण्याचा खेळ चालतो आणि तो खेळायला लांबून लोक येतात.

हे सगळे त्या संध्याकाळी मुलीने सांगितले तेव्हा मी ताटातला भात नुसता चिवडत बसले होते. “आई, बरं नाही का?” तिने विचारले. तिलाही मी नाही असेच म्हटले.

पुढचे काही दिवस मी त्या भिंतीकडे गेले नाही. मनात सल असला की माणूस दुसरी कामे शोधतो, तशी मी दुसरी स्मारके शोधली. या छोट्याशा काउंटीत ती पावलोपावली आहेत. अॅबरिस्टविथच्या दक्षिणेला पेन दिनास नावाची टेकडी आहे, लोहयुगातला किल्ला होता तो. तिच्या माथ्यावर एक उंच दगडी खांब दिसतो. पहिल्या दिवशी स्टेशनाबाहेर येताच मला तो साखर कारखान्याचे धुराडे वाटला होता, आणि एवढ्याशा गावाला कारखाना कशाला असे मी मुलीला विचारलेही होते. एका सकाळी चढून गेले. वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे फुलली होती आणि उन्हाने त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येत होता, किसणीवर नारळ घेतल्यासारखा ओला, गोडसर. त्या वासात मी वर पोचले आणि माहितीच्या फलकावर वाचले की हे वेलिंग्टनचे स्मारक आहे. १८५०च्या दशकात उभारलेले, आकार तोंड वर करून उभ्या ठेवलेल्या तोफेचा. माथ्यावर घोड्यावर बसलेला पुतळा बसवायचा होता म्हणतात, पण तो कधी आलाच नाही.

वेलिंग्टन म्हणजे वॉटर्लू, असे तिथे फलक वाचणाऱ्या कुणालाही वाटेल. मला मात्र खडूने फळ्यावर लिहिलेले सन आठवले: १८०३. तेव्हा तो ड्यूक झालेला नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली होता. त्या वर्षीच्या ऑगस्टात त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, मग आडगाव, मग गाविलगड. आयुष्यात रणांगणावर सर्वांत चांगली कामगिरी कोणती केली असे म्हातारपणी कुणी विचारले तेव्हा त्याने वॉटर्लू नव्हे तर असई हेच नाव घेतले, असे सांगतात. असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांजवळच संगिनींनी मारले गेले. जालन्याकडच्या त्या गावी कुणी गोलंदाजासाठी चार दगड रचले असतील-नसतील. इथे आयरिश समुद्राच्या वाऱ्यात त्यांना मारणाऱ्याची उभी तोफ दीडशेहून अधिक वर्षे टेकडीवर आहे. मला राग आला असे म्हणता येणार नाही. राग यायला काहीतरी ताजे लागते. मी तोफेच्या सावलीत बसून डबा उघडला, मेथीची भाजी आणि पोळी खाल्ली. एक कुत्रा येऊन माझ्या डब्याकडे बघत बसला. त्याच्या मालकाने आज हवा छान आहे असे मला सांगितले आणि मीही हो म्हटले. स्मारकाने त्या गृहस्थाला काही सांगितले नव्हते आणि मला जे सांगितले ते सांगण्यासाठी ते बांधलेलेच नव्हते.

या काउंटीचा स्वभावच असा सरमिसळीचा आहे की काय कोण जाणे. आतल्या बाजूला ट्रेगारॉन नावाचे गाव आहे, तिथल्या चौकात १८९३ सालापासून हेन्री रिचर्डचा पुतळा उभा आहे. हा माणूस आयुष्यभर युद्धे थांबवावीत, देशांनी आपली भांडणे लवादाकडे न्यावीत म्हणून खपला, शांतीचा दूत म्हणून ओळखला गेला. आणि त्याच चौकातल्या खाणावळीच्या मागे एकोणिसाव्या शतकात सर्कशीतला एक हत्ती मरून पुरला गेला अशी आख्यायिका गावकरी तितक्याच आपुलकीने सांगतात. मी दोघांसाठीही हात जोडले. हत्तीला स्मारक नाही, पण त्याची आठवण गावाला जास्त आहे, असे मला तिथे चहा पिताना वाटले.

अॅबरिस्टविथमध्ये किल्ल्याच्या भग्न भिंतींपलीकडे, समुद्रात घुसलेल्या टोकावर पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. सिसिलीतल्या पालेर्मोच्या मारिओ रुटेल्लीने ते घडवले, १९२३ साली त्याचे अनावरण झाले. वर पंख पसरलेली विजयदेवता आहे, आणि खाली पायथ्याशी ब्राँझची एक नग्न स्त्री युद्धाच्या गुंतवळ्यातून, वेलींच्या आणि फांद्यांच्या जाळ्यातून स्वतःला सोडवून वर येते आहे. ती म्हणजे मानवता. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मुलगी बरोबर होती आणि दोघींनीही नजर समुद्राकडे वळवली, हे कबूल केले पाहिजे. नंतर एकटी गेले तेव्हा बराच वेळ तिच्याजवळ थांबले. वरच्या देवतेत मला फारसे काही दिसले नाही, तशा विजयदेवता युरोपात गल्लोगल्ली असाव्यात. पण या खालच्या बाईच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नाही. झोपेतून अर्धवट उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तसे काहीतरी आहे, कुठे आहोत हे अजून न कळलेले. खाऱ्या वाऱ्याने ब्राँझवर हिरवट ओघळ आले आहेत. मेलेल्यांची नावे मी सवयीने ओळीने वाचली. जोन्स, डेव्हिस, एव्हान्स, पुन्हा जोन्स. प्रुफात एवढ्या वेळा तेच आडनाव आले असते तर मी समासात प्रश्नचिन्ह घातले असते. गावात आडनावेच मोजकी, त्यामुळे मेलेल्यांचीही तीच. एका ठिकाणी बोट ठेवले तर धातू उन्हाने तापलेला होता, चटका बसण्याइतका.

एवढे सुंदर काम, आणि ते पाहून मला काहीच करावेसे वाटले नाही, हेही खरे.

मग एका रविवारी मुलगी मला ल्लानग्रान्नोगला घेऊन गेली. अरुंद दरी उतरत जाते आणि शेवटी एकदम समुद्र. वाळूवर एक काळा सुळका उभा आहे. बीका नावाच्या राक्षसाचा दात दुखत होता, त्याने तो उपटून थुंकला, तोच हा सुळका, अशी तिथली कथा. गावाच्या मधोमध छोट्या बागेत क्रानोग्वेनचा पुतळा आहे. सारा जेन रीस हे तिचे नाव. १८३९ साली याच परिसरात जन्मली. आईबापांनी तिला शिवणकाम शिकायला पाठवले, ते तिला रुचले नाही आणि ती जहाजाचा कप्तान असलेल्या वडिलांबरोबर समुद्रावर गेली. नौकानयनाचे शिक्षण घेऊन परत आली आणि गावातल्या शाळेत तिने खलाशी पोरांना दिशा काढायला, नकाशा वाचायला शिकवले. १८६५ साली अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय आइस्तेथ्वोदमध्ये, म्हणजे तिथल्या साहित्य-संगीताच्या मोठ्या स्पर्धेत, तिने लग्नाच्या अंगठीवरच्या कवितेला पहिले बक्षीस मिळवले. हरलेल्यांत त्या काळचे दोन मातब्बर कवी होते. १८७९ पासून दहा वर्षे बायकांचे मासिक चालवले. ती १९१६ साली गेली आणि पुतळा २०२३ साली, सेबास्तियन बॉयसन या शिल्पकाराच्या हातचा, उभा राहिला. संपूर्ण वेल्समध्ये उघड्या जागेवर कोणा खऱ्याखुऱ्या, नाव असलेल्या वेल्श स्त्रीचा पहिला पुतळा २०२१ साली कार्डिफला झाला. हा त्या मालिकेतला तिसरा. त्याआधी बायका होत्या त्या बहुतेक विजयदेवता आणि मानवता.

पुतळ्यापाशी आइस्क्रीम खाणारी दोन मुले होती. त्यांतल्या मुलीने चिकट हात पुतळ्याला पुसला. आईने तिला दटावले आणि ओल्या रुमालाने ती जागा स्वच्छ केली, घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या पदराला पोराने हात पुसला तर करावी तशी. रुटेल्लीच्या मानवतेला कुणी असे पुसताना मी पाहिले नव्हते. गावाने स्वतः पैसे जमवून हा पुतळा मिळवला आहे, हे मला त्या रुमालावरूनच कळले असते. ज्या गोष्टीची डागडुजी आपल्याला करावी लागते तिचे आणि आपले नाते निराळे असते. माझ्या आजीची फुटकी परात कल्हईवाल्याकडे जितक्या वेळा गेली तितकी ती आजीची होत गेली, अगदी तसे.

त्या भिंतीचेही तेच आहे. ती कुणी मंजूर केली नाही, कुणी तिचे अनावरण केले नाही. रंग उडाला की कुणीतरी रात्री येऊन देऊन जायचे. माइक स्टीफन्स २०१८ साली वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, कुणी टवाळाने त्या अक्षरांवर ‘एल्विस’ असे रंगवून शेजारी बदाम काढला. तरुण पोरांनी लगेच जाऊन भिंत पुन्हा तांबडी केली. एप्रिलमध्ये कुणीतरी तिचा वरचा भाग पाडला, तर दुसऱ्याच दिवशी माणसे गोळा झाली आणि त्यांनी दगडावर दगड रचून ती पुन्हा उभी केली. त्यानंतर वेल्सभर, गोठ्यांवर, पुलांच्या खांबांवर, घरांच्या कुंपणांवर, तेच दोन शब्द उमटले. पहिली भिंत मोडली नसती तर बाकीच्या झाल्या असत्या की नाही, शंका आहे.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी बॉर्थला गेले, भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून. ओहोटीला तिथल्या वाळूतून झाडांचे बुंधे वर येतात. ओक, पाइन, भूर्ज यांचे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे जंगल, समुद्राने गिळलेले. काळे, ओले, कातड्यासारखे मऊ खुंट. शेवाळाचा आणि चिखलाचा वास. मुळे अजून जमिनीला धरून असलेली. याच किनाऱ्यावर कांत्रेर ग्वाएलोद नावाचे सुपीक राज्य होते, बंधाऱ्याची दारे राखणारा दारू पिऊन झोपला आणि समुद्र आत आला, शांत रात्री बुडलेल्या देवळांच्या घंटा ऐकू येतात, अशी दंतकथा आहे. वर कड्यावर युद्धस्मारक आहे, तेही १९८३ साली वीज पडून ढासळले आणि लोकांनी पुन्हा बांधले. मी एका खुंटाजवळ वाकले आणि त्याच्या सालीच्या भेगेत बोट घातले. पाणी गार होते.

तिथेच मला आमच्या घाटाची शेवटची पायरी आठवली.

माझे आजोळ पळसदेवचे, भीमेच्या काठचे. उजनीचे धरण १९८०ला पुरे झाले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. बुडणारे गाव म्हणजे एका रात्रीत लाट येते असे काही नसते. पाणी यायच्या आधी दोन वर्षे गाव स्वतःच स्वतःला उचकटत असते. मामांनी तुळया काढल्या, दारे चौकटींसकट काढली, बैलगाडीत घातली. आजीने तुळशीवृंदावन हलवायला नकार दिला. तिची तुळस एका डालड्याच्या डब्यातून नव्या गावठाणात गेली. नदीच्या वाळवंटात पिकणारी खरबुजे संपली. धरणग्रस्त असल्याचा दाखला मिळवायला आजोबा किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते, ते आठवते. कागदावर गावाचे नाव एकदा चुकीचे पडले म्हणून सहा महिने गेले. कदाचित त्याच कारणाने मी पुढे प्रुफे तपासू लागले असेन, पण हे आता जोडलेले शहाणपण झाले. ज्या दिव्याखाली मी मुंबईत तीस वर्षे ती प्रुफे तपासली, त्या शहराच्या विजेसाठी मुळशीची गावे बुडाली होती आणि त्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. त्या दिव्याखाली मुळशीवरचा एक लेखही मी तपासला होता. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि पुढच्या पानाकडे वळले. उजनीचे पाणी सोलापूरला मिळाले, उसाला मिळाले. मामांच्या नव्या जमिनीतलाही ऊस त्याच पाण्यावर आहे. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी येतात, पुण्या-मुंबईचे लोक नावेत बसून त्यांचे फोटो काढतात. मीही मुलीला घेऊन गेले होते. ती आठ वर्षांची होती. नाव आजीच्या अंगणावरून गेली असेल, असे मी तिला सांगितले नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा ती बस घेतली आणि भिंतीपाशी पोचायच्या आधीच्या थांब्यावर उतरून कडेकडेने चालत गेले. जवळून ती फार लहान वाटते. रंगाचे थर इतके की दगडांच्या कडा गोल झाल्या आहेत, देवळातल्या शेंदूर माखलेल्या मूर्तीसारख्या. एका जागी पोपडा सुटला होता, त्याखाली दुसरा तांबडा, त्याखाली तिसरा. ‘ड’च्या जवळ गेले. त्याच्या खाली कुठेतरी ‘ट’ असेल, म्हणून नखाने खरवडून बघण्याचा मोह झाला आणि हात मागे घेतला. मोटारी भरधाव जात होत्या. एकीने हॉर्न वाजवला, मला की भिंतीला, कळले नाही. थांब्यावर परत आले तेव्हा मला त्या बाई दिसतील अशी वेडी आशा होती. त्यांना काय सांगायचे ते इंग्रजीत जुळवूनही ठेवले होते.

रात्री मी मामांना फोन लावला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. तिकडे पहाटेचे चार वाजले असणार हे माझ्या ध्यानातच आले नाही, पण ते मोटार चालू करायला उठलेलेच होते. वीज त्याच वेळी येते.

“मामा, पाणी किती आहे यंदा?”

“आगं धरण कवाच मायनसमधी गेलं. देऊळ उघडं पडलंय. टीव्हीवाली येऊन गेली दोनदा.”

“आणि आपला वाडा?”

“वाड्याची एक भिंत दिसती. गुडघाभर. घाटाकडची.”

मग मी त्यांना या भिंतीबद्दल सांगितले. तांबडा रंग, पांढरी अक्षरे, पाडली तर पुन्हा बांधतात, सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही हूं म्हटले नाही. मला वाटले फोन तुटला.

“तसं आपल्याकडंबी लिहावं म्हणतीयास?”

“हो.”

“लिही की. पर पाऊस लागायच्या आत लिही. आन् मंग वाचनार कोन गं तायडे, मासं?”

ते हसले, त्यांना खोकला आला, मागे मोटारीचा घरघराट सुरू झाला आणि त्यांनी फोन तसाच खिशात टाकला असावा, कारण पाणी पाटात पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी मुलीच्या टेबलावरची एक पाठकोरी घेतली. गावाचे नाव लिहिले. ग्रामनाम अकारान्त असेल तर बोलीत सहसा सामान्यरूप होत नाही, म्हणजे ‘पळसदेवला विसरू नका’ हे बरोबर. पण आजी नेहमी ‘पळसदेवाला’ म्हणायची. गावाला जाते म्हणते आहे की देवाला, ते ऐकणाऱ्याने ठरवावे. मी ‘ला’च्या आधी एक काना घातला, तो खोडला, मग त्याच्याखाली तीन टिंबे देऊन समासात लिहिले, ‘आहे तसे ठेवा’.